पातळी

वाशीला, सेक्टर सतराच्या तळघरातल्या दुकानात
गालाशेठनं काचेवर तीन यंत्रं मांडली
आणि विचारलं, काय रेकॉर्ड करायचंय?
सतार? गिटार? भजनी मंडळ?
मी म्हटलं, आत्या.

तो हसला नाही. मला बरं वाटलं.

पहिलं साबणाच्या वडीएवढं,
डोक्यावर दोन माइक, चिंबोरीच्या नांग्यांसारखे
एकमेकांवर आलेले.
दुसऱ्याला चार ट्रॅक, बाहेरचे माइक जोडायला भोकं,
आणि वजन असं की ते धरलं
तर अक्षता टाकायला हात उरणार नाही.
तिसरं महाग. त्याला पातळी लावावीच लागत नाही.
कुजबुजा नाहीतर किंचाळा, आवाज फाटत नाही,
घरी येऊन हवा तेवढा लहानमोठा करा.
चुकायची सोयच नाही, गालाशेठ म्हणाला.

मी घणसोलीला रिकाम्या हातानं परत आले.

आत्या, म्हणजे बारकूबाई हिराजी म्हात्रे,
गावठाणातल्या निम्म्या लग्नांची धवलारीण,
दारात बसून जवळा निवडत होती.
फोनवरचे फोटो तिनं चष्मा न लावताच पाहिले.
लगीन कोनाचा हाय?
कोणाचंच नाही. नुसतं म्हणून दाखव.
नुसता कसा म्हनू? मांडव नाय, हलद नाय.
बिनलग्नाचा धवला म्हनला तं द्येव येतीन,
त्यांना बसवू कुठं?

दोन खोल्या आमच्या. तिचं बरोबर होतं.

महिनाभर महापेच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत
मी आकडे वाचले. चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ,
माइकची स्वतःची खरखर किती, दोन सेलवर किती तास.
त्या खरखरीशी आमचं घर ताडून पाहिलं:
वरच्या टाकीचा पंप,
भिंतीपलीकडचा मिक्सर,
चोवीस तास जागा ठाणे-बेलापूर रोड,
आत्याच्या छातीत गेल्या थंडीपासून राहायला आलेली शिट्टी.
एवढ्या शांत यंत्राला
इथं करमणार कसं?

तुळशीच्या लग्नाला ती कबूल झाली.
तो पन लगीनच, म्हणाली.

मग मी पहिलंच घेतलं, नांग्यांचं.
त्याला बाजूला एक चाक आहे,
ते अंगठ्यानं फिरवत बसावं लागतं.
आत्याचा आवाज तिसऱ्या ओळीला न सांगता वर जातो.
मांडवात तिच्या मांडीवर झोपलेली मी
नेमकी त्या ओळीला जागी व्हायचे.
न फाटणाऱ्या यंत्राला हे माहीत असायची गरज नाही.
मला होती. लाल दिवा लागायच्या आत.
गालाशेठनं पाचशे कमी केले
आणि स्पंजची टोपी फुकट दिली.

कार्तिकात, गच्चीवर,
ऑइलपेंटच्या डब्यातली तुळस, चार ऊस, शेजारची पोरं.
मी आत्याच्या तोंडापासून दीड हातावर,
एक कान हेडफोनमध्ये, एक मोकळा.
पहिली ओळ.
दुसरी.
मी वेळेवर चाक खाली घेतलं
आणि आवाज वर गेलाच नाही.

तिसरी ओळ तिनं सपाट म्हटली, श्वास तेवढाच होता.
अंगठा चाकावरच राहिला माझा.
परत वर घ्यायचं सुचलं
तेव्हा सातवी ओळ चालू होती.

म्हणून रेकॉर्डिंगात मधला तुकडा फार हळू आहे.
कान लावला तर लागतो.
त्याच्या मागे पंप,
आणि कुणीतरी लांबून विचारतंय, अक्षता कुठायत?
वाढवता येईल, गालाशेठ म्हणतो,
पण सगळंच वाढेल.

आत्याला ऐकवलं. तिनं डोळे मिटून पुरतं ऐकलं.
द्येव आलंतं का?
आले असतील, मी म्हटलं. उभेच होते बहुतेक,
खुर्च्या पोरांनी घेतल्या होत्या.

ती पुन्हा जवळ्याकडे वळली.
त्याचं सेल काढून ठेव, म्हणाली,
गलतात.